आठ टेम्पो, चार डॉक आणि दुपारचा एक तास

भिवंडीच्या बाहेर, वळगावात, एका कंपाउंडमध्ये किराणा मालाचं गोदाम आहे. साबण, तेल, बिस्किटं, चहा असा माल इथून रोज ठाणे, मुलुंड, घाटकोपर, कुर्ला ते थेट दादरपर्यंतच्या घाऊक दुकानदारांकडे जातो. माल एका कंपनीचा, गोदाम चालवणारी कंपनी दुसरी, गाळ्याचा मालक तिसरा आणि गाड्या एका ट्रान्सपोर्टवाल्या शेठच्या. शेठकडे आठ चौदा-फुटी टेम्पो आहेत, भरल्यावर प्रत्येकी साडेसात टनांच्या आसपास. रस्त्यावर या मापाच्या सगळ्या गाड्यांना ‘आयशर’च म्हणतात, मग बनावट कुणाची का असेना.

मालाच्या कंपनीने शेठना कळवलं, की पुढच्या करारात काही गाड्या इलेक्ट्रिक असाव्यात. किती, कधी, कोणाच्या खर्चाने, यातलं काही नव्हतं. गाड्यांच्या फेऱ्या संगणकात उभ्या करून बघणं, म्हणजे त्यांचं मॉडेल बनवणं, हे माझं काम. शेठनी मला बोलावलं ते एकाच प्रश्नासाठी. “सर, तुमच्या त्या कॉम्प्युटरवर एवढंच बघून सांगा. गाडी दादरला जाऊन परत येईल का?”

ट्रान्सपोर्टवाल्याचा पहिला प्रश्न नेहमी हाच असतो, आणि तो चुकीचाही नाही. पुढच्या दोन महिन्यांत मात्र आम्ही दादरवर फार थोडा वेळ घालवला. बहुतेक वेळ गेला तो गोदामाच्या दारात उभ्या असलेल्या गाड्यांवर.

रजिस्टरमधून काय मिळालं

भिवंडीला गोदामं का, हे आधी सांगायला हवं. जीएसटी येईपर्यंत, म्हणजे १ जुलै २०१७ पर्यंत, मुंबईत माल शिरला की जकात लागायची. म्हणून माल हद्दीबाहेर उतरवून ठेवायचा आणि लागेल तसा आत न्यायचा, अशी पद्धत पडली. पॉवरलूमच्या गावाभोवती पत्र्याचे गाळे उभे राहिले. जकात गेली, गाळे राहिले, उलट वाढले. याचा आपल्या हिशेबाशी संबंध असा, की गोदामापासून दुकानापर्यंतचं अंतर सतरा-अठरा ते चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर आहे. जकात नाक्याने ठरवून दिलेलं हे अंतर आजच्या मध्यम इलेक्ट्रिक ट्रकच्या बॅटरीला जेमतेम पुरणारं आहे, हा निव्वळ योगायोग.

शेठकडे प्रत्येक गाडीचं रजिस्टर होतं. निघण्याची वेळ, परत येण्याची वेळ, किलोमीटर, डिझेलच्या पावत्या, वाराईचे, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याचे, पैसे. अक्षर दिवाणजींचं असल्यामुळे वाचता येत होतं. त्यातून तीन प्रकारच्या गाड्या निघाल्या.

तीन गाड्या जवळच्या. सकाळी मुलुंड-भांडुप, जाऊन-येऊन ५५ किलोमीटर, दुपारी ठाण्यातली ३५ किलोमीटरची फेरी. दिवसाचे ९०. यांना मी ‘अ’ म्हणतो. तीन गाड्या ‘ब’: सकाळी घाटकोपर-कुर्ला ७० किलोमीटर, दुपारी मुलुंड ५५, मिळून १२५. उरलेल्या दोन ‘क’: सकाळी दादर-परळ ९०, दुपारी ठाणे ३५, त्याही १२५. आठही गाड्या मिळून रोज ८९५ किलोमीटर. डिझेलचं अ‍ॅव्हरेज पावत्यांवरून लिटरला साडेसहा येत होतं. शेठ तोंडी आठ सांगत होते. गाडीचं अ‍ॅव्हरेज आणि मुलाचे मार्क बाप नेहमी वाढवूनच सांगतो, असं म्हणून दिवाणजी हसले.

इलेक्ट्रिक गाडीसाठी मी ६२ युनिटची बॅटरी धरली. या वर्गात हे माप बाजारात मिळतं. बॅटरी अगदी शून्याला नेऊ नये आणि रोज शंभरपर्यंत भरू नये, म्हणून वापरण्याजोगी ५० युनिट, बाकीची राखीव. भरलेली गाडी किलोमीटरला ०.५५ युनिट खाते आणि रिकामी परतताना ०.४५, म्हणून सरासरी अर्धा युनिट. हे झालं चांगल्या दिवसाचं. पावसाळ्यात कशेळी-काल्हेरच्या रस्त्यावर पाणी, मेट्रो ५ च्या कामामुळे अरुंद झालेला रस्ता, वायपर, दिवे आणि एसी या सगळ्यांसाठी ‘वाईट दिवस’ वेगळा धरला, किलोमीटरला ०.६ युनिट. एसी ही चैन म्हणून धरलेला नाही. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि अवजड ट्रकच्या केबिनला तो सक्तीचा आहे. उभ्या गाडीत पाच तास एसी चालला आणि तो सरासरी एक किलोवॉट ओढत असला, तर पाच युनिट गेली. म्हणजे दहा किलोमीटर, जागचं न हलता.

पहिलं मॉडेल आणि त्यातली माझी चूक

शहरातली वाहतूक संगणकात उभी करण्याची मोठी साधनं आहेत. जर्मनीच्या एरोस्पेस संशोधन केंद्रात तयार झालेलं ‘सुमो’ एकेक वाहन चौकाचौकातून चालवून दाखवतं. (सुमो म्हटलं की आपल्याला जीप आठवते, हे वेगळं.) झ्युरिक आणि बर्लिनच्या विद्यापीठांत वाढलेलं ‘मॅटसिम’ लाखो माणसांचा आख्खा दिवस उभा करू शकतं. दोन्ही फुकट मिळतात. पण आठ टेम्पोंसाठी ते म्हणजे कोथिंबीर चिरायला कोयता. माजिवड्याच्या सिग्नलला गाडी किती सेकंद थांबली याने शेठच्या निर्णयात फरक पडणार नव्हता. म्हणून मी पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतलं ‘सिमपाय’ वापरलं. त्यात रस्ता नसतोच, नुसत्या घटना असतात. गाडी निघाली, पोचली, रांगेत लागली, डॉक (गाडी मागे टेकवून माल भरायची गोदामाच्या दारातली जागा) मिळाला, माल भरला, चार्जर मोकळा झाला. प्रत्येक घटनेला वेळ, आणि ती वेळ रजिस्टरमध्ये जशी वरखाली होते तशीच मॉडेलमध्येही वरखाली होते. असे वर्षाचे कामाचे ३०० दिवस एका मिनिटात पळतात.

हे एक्सेलमध्ये का नाही, असं शेठच्या मुलाने विचारलं. तो बी.कॉम. आहे आणि त्याचा प्रश्न रास्त होता. एक्सेलमध्ये सरासरी निघते. चांगल्या दिवशी ‘ब’ आणि ‘क’ मिळून पाच गाड्यांना दुपारी साडेबारा-साडेबारा युनिट लागतात, एकूण ६२.५. तीस किलोवॉटचा एक चार्जर ती दोन तासांत देतो आणि दुपारी वेळ दोन-अडीच तास असतो. एक्सेल म्हणेल, झालं काम. पण गाड्या सरासरीने येत नाहीत. पहाटे सगळ्या एकदम निघतात, कारण ठाणे आणि मुंबई दोन्हीकडे गर्दीच्या वेळी अवजड वाहनांना बंदी असते आणि त्याआधी आत शिरायचं असतं. एकदम निघालेल्या गाड्या एकदमच परत येतात. बारा ते पाऊण या वेळात आठही गाड्या कंपाउंडच्या तोंडाशी. रांग एक्सेलला दिसत नाही.

तर पहिलं मॉडेल पळवलं आणि निकाल फारच छान आला. सगळ्या गाड्या दुसऱ्या फेरीला वेळेवर, शेवटची सव्वादोनला, डिझेलइतकीच. मी खूश, शेठचा मुलगा खूश. शेठ काही बोलले नाहीत. म्हणाले, “उद्या सकाळी गाडीत बसा. म्हणजे कळेल.”

एक दिवस गाडीत

पहाटे साडेपाचला ‘ब’मधल्या एका गाडीत बसलो. ड्रायव्हर बीडचे, या रस्त्यावर चौदा वर्षं. काल्हेर, कशेळीचा पूल, बाळकुम, कापूरबावडी, माजिवडा, मग पूर्व द्रुतगती मार्ग आणि आनंदनगरचा टोलनाका. सव्वासातला घाटकोपरला पहिल्या दुकानासमोर. दुकान उघडलं साडेनऊला.

सव्वादोन तास आम्ही केबिनमध्ये बसलो. त्यांनी डबा काढला, भाकरी आणि ठेचा. मला अर्धी दिली. “साहेब, गाडी चालवायचं काम तीन तासांचं असतंय,” ते म्हणाले. “बाकी नुसतं उभं राहायचं.” मी वहीत वेळा लिहीत होतो. दुपारी बाराला परतलो तेव्हा बेरीज केली. साडेसहा तासांपैकी चाकं फिरली ती दोन तास पन्नास मिनिटं.

माझी चूक कळली ती परत आल्यावर, वळगावात. मॉडेलमध्ये मी एक ओळ लिहिली होती: गाडी गोदामापाशी उभी असेल तर चार्ज होत राहील. प्रत्यक्षात आमची गाडी कंपाउंडच्या फाटकाबाहेर, रस्त्याच्या कडेला, गटाराला चाक लावून उभी राहिली. आत चार डॉक, चारही भरलेले. पाऊण तासाने सुपरवायझरने हाक मारली तेव्हा डॉक तीनला लागलो. हमालांनी तासाभरात माल भरला आणि गाडी लगेच हलवावी लागली, कारण मागे दुसरी टेकलेली. गाळ्याच्या कडेला मोकळी जागा आहे, चार्जर तिथेच बसेल असं मी गृहीत धरलं होतं. पण तिथे गाडी लावायची म्हणजे डॉक सोडायचा, आणि डॉकला लावायची म्हणजे चार्जर सोडायचा. उभी राहण्याचे तास खूप होते, पण ते तुकड्या-तुकड्यांनी आणि प्रत्येक तुकडा वेगळ्या जागी.

रात्रीचंही तसंच. कंपाउंडचं फाटक दहाला बंद होतं. गाड्या बाहेर पुलाखाली लागतात आणि क्लीनर आत झोपतो. रात्रभर चार्जिंग हे कागदावर सगळ्यात सोपं वाटणारं काम. त्यासाठी आधी वॉचमनशी आणि फाटकाच्या किल्लीशी बोलणं करावं लागणार होतं.

दुरुस्त मॉडेल

नव्या मॉडेलमध्ये चार्जर आणि डॉक वेगवेगळ्या जागी ठेवले. चार्जर एकच, ३० किलोवॉटचा, कंपाउंडच्या कोपऱ्यात. ‘अ’ गाड्यांना चांगल्या दिवशी दुपारी चार्जिंग लागतच नाही. ९० किलोमीटरला ४५ युनिट, आहेत ५०. बाकी पाचजणींना प्रत्येकी २५ मिनिटं, गन (चार्जरच्या केबलचं गाडीत खुपसायचं टोक) काढणं-लावणं पाच मिनिटं. गाड्या आल्या त्या क्रमाने सोडल्या तर शेवटची चार्जरवरून सुटते दोन-चाळीसला, मग डॉक, मग एक तास भरणं. निघते तीन-चाळीसला. डिझेलची सव्वादोनला निघत होती. क्रम हुशारीने लावला, म्हणजे काही गाड्या आधी भरल्या आणि मग चार्जरला पाठवल्या, तर शेवटची दोन-चाळीसला निघते. पंचवीस मिनिटांचा उशीर चालण्यासारखा आहे.

वाईट दिवशी हे सगळं कोसळतं. ‘ब’ आणि ‘क’ यांना दिवसाला ७५ युनिट लागतात, म्हणजे दुपारी २५ भरायला हवीत. ५० मिनिटं आणि वर पाच. पाच गाड्यांचे पावणेपाच तास होत आले. क्रम कितीही हुशारीने लावा, शेवटची गाडी पावणेपाचला निघते आणि थेट संध्याकाळच्या कोंडीत, किंवा बंदीत, जाऊन अडकते. दुसरी फेरी बुडाली. ट्रान्सपोर्टमध्ये बुडालेल्या फेरीचं भाडं बुडतं आणि गाडीचा हप्ता मात्र चालू राहतो.

मग जे आधीच करायला हवं होतं ते केलं. गन कोपऱ्यातून उचलून डॉकच्या खांबाला लावली. गाडी मागे टेकली की हमाल माल भरतात आणि त्याच वेळी वीज भरते. भरायला एक तास लागतोच, तो कुणी कमी करू शकलेलं नाही. ३० किलोवॉटने एका तासात ३० युनिट मिळतात आणि वाईट दिवशी २५ लागतात. उशीर शून्य. कोपऱ्यात दुप्पट ताकदीचा महाग चार्जर बसवूनही हा निकाल आला नव्हता, कारण डॉकची आणि चार्जरची अशा दोन रांगा कायमच राहत होत्या.

चार डॉकना चार गन म्हणजे १२० किलोवॉट. गाळ्याचा मंजूर भार, म्हणजे एका वेळी जास्तीत जास्त ओढता येणारी वीज, पंधरा किलोवॉट, त्यावर दिवे, पंखे, ऑफिसचा एसी आणि माल रचणाऱ्या स्टॅकरची बॅटरी. म्हणून मॉडेलमध्ये एक बंधन घातलं, की चारही गनमध्ये मिळून ६० किलोवॉटच वाटायचे. वाईट दिवशी आठही गाड्यांची दुपारची गरज होते १३७ युनिट. पाचजणींना पंचवीस-पंचवीस, तीन ‘अ’ना चार-चार. दोन तासांत मिळतात १२०. सतरा युनिटांची तूट, पाच गाड्यांत वाटली तर प्रत्येकी साडेतीन युनिटांच्या आत. राखीव कोट्यातून ती भागते. रात्री तेच ६० किलोवॉट आठ तासांत आरामात पुरतात. एवढ्याने काम होतं, हे पाहून मला स्वतःलाच जरा आश्चर्य वाटलं.

आणि दादर? चांगल्या दिवशी ९० किलोमीटरला ४५ युनिट लागतात, गाडी परत येते. वाईट दिवशी ५४ लागतात आणि वापरण्याजोगी आहेत ५०. चार युनिट राखीव कोट्यातून, लाल दिवा पेटलेला, कशेळीच्या पुलावर कोंडी आणि केबिनमध्ये बीडचा माणूस घाम पुसत. शेठना सांगितलं, दादरला गाडी जाईल आणि दहा महिने परतही येईल. जुलैचं मी लिहून देत नाही.

पैशाचा हिशेब उलटा निघाला

इथे मॉडेलने जे दाखवलं ते मी आधी ओळखलं नव्हतं.

डिझेल लिटरला ९० रुपये धरलं तर साडेसहाच्या अ‍ॅव्हरेजला किलोमीटरमागे १३ रुपये ८५ पैसे. विजेचा दर सगळं धरून युनिटला ९ रुपये आणि चार्जिंगमध्ये दहा टक्के गळती धरली तर किलोमीटरमागे ५ रुपये. बचत ८ रुपये ८५ पैसे. इलेक्ट्रिक गाडी डिझेलपेक्षा १२ लाखांनी महाग धरली. अनुदान धरलं नाही. केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत जुलै २०२५ मध्ये ट्रकसाठी नियम आले. जास्तीत जास्त मदत ९.६ लाख आहे, पण ती मोठ्या ट्रकना. आपल्या मापाच्या गाडीला त्याहून बरीच कमी मिळते आणि जुना ट्रक मोडीत काढल्याचं प्रमाणपत्र लागतं. शेठनी जुने ट्रक मोडीत कधी काढलेच नाहीत, विकले.

तर ‘अ’ गाडी वर्षाला २७,००० किलोमीटर चालते. बचत २ लाख ३९ हजार, १२ लाख फिटायला पाच वर्षं. ‘ब’ गाडी ३७,५०० किलोमीटर चालते. बचत ३ लाख ३२ हजार, साडेतीन वर्षांच्या थोडं पुढे. व्याज दोन्हीकडे वर. म्हणजे जी गाडी विजेवर सहज बसते, दुपारी गन लावायचीही गरज नाही, तीच सगळ्यात सावकाश पैसे फेडते. जी लवकर फेडते तिला डॉकवरचा तो एक तास हवाच. बहुतेक लोक पहिली इलेक्ट्रिक गाडी सोप्या, जवळच्या मार्गावर लावून बघतात आणि वर्षाने म्हणतात, परवडत नाही. आकडे बघता ते खोटं बोलत नसतात.

बॅटरी जुनी झाल्यावर काय, हे शेठच्या मुलाने विचारलं. वापरण्याजोग्या ५० ची ४० युनिट झाली तर ‘ब’ची सकाळची फेरी चांगल्या दिवशी ३५ मध्ये भागते, वाईट दिवशी ४२ लागतात. मी ग्राफ दाखवत होतो तेवढ्यात शेठ म्हणाले, “मग ठाण्याला लावायची. म्हातारी गाडी आम्ही ठाण्यालाच लावतो.” डिझेलच्या गाड्यांचं ते गेली वीस वर्षं हेच करत आलेत. मॉडेलमध्ये मी तो नियम घातला आणि गाडीचं उपयोगी आयुष्य आपोआप लांबलं.

कार्बनचं काय

कंपनीला गाड्या इलेक्ट्रिक हव्या होत्या त्या कार्बनसाठी, आणि तिच्या अहवालात हा रकाना मोठा असणार. केंद्र सरकारच्याच सांगण्याप्रमाणे डिझेल ट्रक देशातल्या एकूण वाहनांच्या तीन टक्के आहेत, पण वाहतुकीतून होणाऱ्या हरितगृह वायूंच्या उत्सर्जनात त्यांचा वाटा ४२ टक्के आहे. मुंबईने मार्च २०२२ च्या हवामान कृती आराखड्यात २०५० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचं उद्दिष्ट ठेवलंय, देशाचं २०७० चं आहे. या सगळ्यात आपल्या आठ टेम्पोंचा वाटा काढायला बसलो.

आठ गाड्या रोज १३८ लिटर डिझेल जाळतात. लिटरमागे २.६८ किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे दिवसाला ३६९ किलो. विजेवर त्याच गाड्यांना बॅटरीत ४४८ युनिट लागतात. चार्जिंगची गळती आणि तारांमधली गळती दहा-दहा टक्के धरली तर वीजकेंद्रात ५५३ युनिट बनवावी लागतात. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचा २०२३-२४ चा देशाचा सरासरी आकडा आहे युनिटमागे ०.७२७ किलो. गुणाकार: ४०२ किलो.

मी तो तीनदा तपासला. ४०२ हे ३६९ पेक्षा जास्त आहे.

तुलना एका पायावर नव्हती, हे खरं. वीज खाणीपासून नाही तरी वीजकेंद्रापासून मोजली आणि डिझेल मात्र टाकीपासून. तेल काढणं, आणणं, शुद्ध करणं यासाठी डिझेलवर वीस टक्के चढवले की ४४३ होतात. कोळसा खणून आणण्याचा वाटा विजेवर चढवला तर तोही थोडा वाढेल. म्हणजे आजच्या ग्रिडवर (देशाच्या वीजजाळ्यावर), चांगल्या दिवशी, घट फार तर नऊ टक्के. पाठीवर ‘शून्य उत्सर्जन’ रंगवलेली गाडी माजिवड्याला धूर सोडत नाही, तिथल्या वाहतूक पोलिसासाठी ही मोठी गोष्ट आहे. धुराचा काही हिस्सा चंद्रपूरला जातो. २,९२० मेगावॉटचं औष्णिक केंद्र आहे तिथे, आणि माणसंही आहेत.

वाईट दिवशी चित्र जरा सुधारतं. कोंडीत डिझेल पाचच्या अ‍ॅव्हरेजवर येतं, उभं इंजिनसुद्धा पीत राहतं. डिझेल वरचे वीस टक्के धरून ५७६ किलो, वीज ४८२, सोळा टक्के घट. रस्ता जितका वाईट तितकी इलेक्ट्रिक गाडी तुलनेत बरी दिसते.

मग वीज कधी भरतो हा प्रश्न आला, आणि आम्ही पुन्हा डॉकवर पोचलो. गाळ्यावर दहा हजार चौरस फूट पत्रा आहे. दुपारच्या दोन तासांत जास्तीत जास्त १२० युनिट बॅटरीत जातात, मीटरवर १३३. किलोवॉटमागे रोजची चार युनिट धरली तर ३३-३४ किलोवॉटचे सौर पॅनल, सुमारे साडेतीन हजार चौरस फूट. एक तृतीयांश छप्पर. दिवसभर बनणारी वीज दोन तासांत नेमकी वापरता येत नाही, बाकीची जाळ्यात देऊन हिशेब जुळवावा लागतो. पण तेवढा भाग सौर धरला तर ४०२ चे २९४ होतात, आणि ४४३ च्या तुलनेत घट चौतीस टक्क्यांवर जाते. पत्रा नसला तरी दुपारचा तास उपयोगाचा आहे. केंद्राच्या २०२३ च्या नियमानुसार सूर्यप्रकाशाच्या तासांतली वीज स्वस्त आणि संध्याकाळची महाग ठेवायची आहे. जुलैत पॅनल झोपतात आणि गाड्यांची भूक नेमकी तेव्हाच वाढते. याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, मी तसंच लिहिलं.

ग्रिडही जागेवर बसलेलं नाही. जून २०२५ अखेर देशाच्या स्थापित क्षमतेत बिगर-जीवाश्म (कोळसा, तेल, वायू सोडून बाकीच्या) स्रोतांचा वाटा पन्नास टक्क्यांवर गेला. क्षमता निम्मी झाली म्हणून बनणारी वीज निम्मी स्वच्छ झाली असं होत नाही, कारण सूर्य रात्री नसतो. पण गाडी आठ-दहा वर्षं चालणार. त्या काळात आकडा ०.५ वर आला असं धरलं तर तेच ५५३ युनिट २७७ किलोंवर येतात, पॅनल न लावता. आज घेतलेली डिझेलची गाडी मात्र आठव्या वर्षीही तेवढाच धूर सोडणार, किंबहुना जास्त.

गाळ्याचा मालक

अहवालात मी तीन ‘ब’ गाड्या सुचवल्या. डॉक एक आणि दोन यांना ३० किलोवॉटच्या दोन गन. वाईट दिवशीसुद्धा दोन गाड्या पहिल्या तासात, तिसरी दुसऱ्या तासात. भार ६० किलोवॉट, तोच पुढे आठ गाड्यांनाही पुरणारा. सुपरवायझरने फक्त एवढंच करायचं, की ‘जो आधी आला तो आधी’ हा नियम या दोन डॉकपुरता सोडायचा. सुपरवायझर म्हणाला, बाकीचे ड्रायव्हर मला मारतील. त्याचं म्हणणं मॉडेलमध्ये घालता आलं नाही.

खरी गाठ वीजजोडणीत होती. भिवंडीत वितरण २००७ पासून महावितरणच्या वतीने टोरंट पॉवर बघते. भार वाढवायचा तर अर्ज ज्याच्या नावावर मीटर त्याने करायचा. मीटर गाळ्याच्या मालकाच्या नावावर. गाळा भाड्याने घेतला गोदाम कंपनीने. गाड्या शेठच्या. शेठ आणि गाळेमालक यांच्यात कागदाचा एक चिटोराही नाही. डिपॉझिट कुणी भरायचं, केबल कुणाची, आणि गोदाम कंपनीच्या कराराचं दीडच वर्ष उरलंय, त्यानंतर गन कुणाच्या?

शेठनी गाळेमालकाला फोन लावला, स्पीकरवर. मालक ऐकत होते. मग म्हणाले, “अहो, तुमच्या गाड्या माझ्या दारात किती दिवस राहणार ते आधी सांगा. मग मी खांब देतो.”

त्या रात्री मी मॉडेलमध्ये शेवटचा आकडा टाकला. करार दीड वर्षात संपला तर ‘ब’ गाडी ५ लाखांच्या आसपास वाचवते आणि १२ लाखांतले ७ लाख अंगावर राहतात. पाच वर्षं राहिली तर १६ लाख ६० हजार वाचतात, व्याज धरूनही गाडी आपल्या पायावर उभी. बॅटरीच्या मापाने, चार्जरच्या ताकदीने, डिझेलच्या दराने निकाल एवढा हलत नव्हता जेवढा कराराच्या मुदतीने हलत होता.

शेठनी कंपनीला पत्र पाठवलं. माझ्या चार पानांतून त्यांनी तीनच ओळी घेतल्या. पाच वर्षांचा करार. डॉक क्रमांक एक आणि दोन, आमच्या नावावर. वेळ, दुपारी बारा ते अडीच.